डॉक्टर कन्या आणि तिच्या माथ्यावरील कर्ज

परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळावे म्हणून जिल्ह्यातील जनतेने आंदोलन केले आणि २०२३ साली ते सुरू झाले. जिंतूर, गंगाखेड, पालम, पूर्णा येथील मुलींना घराजवळ डॉक्टर होण्याची वाट मोकळी झाली, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु पदवी घेऊन बाहेर पडणारी कन्या किती कर्ज घेऊन बाहेर पडते आणि त्या कर्जापायी तिला कोणकोणत्या गोष्टी निमूटपणे सोसाव्या लागतात, याचा विचार फारसा होत नाही.

प्रथम दिलासा देणारी बाब पाहू. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आरक्षणाच्या आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांची गणना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात होते; तेव्हा आपल्या धर्मग्रामांतील पालकांनी जातीचे व उत्पन्नाचे दाखले वेळेत काढून ठेवावेत. मात्र व्यवस्थापन कोट्यातील जागा आणि अभिमत विद्यापीठे या सवलतीत येत नाहीत. शिवाय खानावळ, पुस्तके आणि पुढील परीक्षांची शिकवणी यांचा खर्च उरतोच. जिथे सवलत पोहोचत नाही, तिथे बँक येते.

उदाहरणादाखल हिशेब करू. दर वर्षी २ लाख याप्रमाणे पाच वर्षांत १० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने घेतले, तर साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि नंतरचे सवलतीचे एक वर्ष संपेपर्यंत सरळ व्याजानेच ते साडेचौदा लाखांवर जाते. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे १९ हजारांचा हप्ता पडतो. शिवाय साधारणपणे साडेसात लाखांपुढील कर्जाला तारण मागितले जाते. कोरडवाहू शेतकऱ्याजवळ तारण म्हणजे जमीन किंवा राहते घर. मुलीची पदवी अशा रीतीने साऱ्या घराच्या निवाऱ्याशी बांधली जाते.

आता तिचे कामाचे जीवन पाहू. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नेमलेल्या कृतिगटाने २०२४ साली निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांहून अधिक नसावे, अशी शिफारस केली. ७४ तास ही मर्यादा सुचवावी लागते, यावरूनच प्रत्यक्ष स्थिती ध्यानात यावी. पदव्युत्तर शिक्षणात प्रसूतीची रजा घेतली तर प्रशिक्षणाचा काळ पुढे ढकलला जातो. व्याज मात्र थांबत नाही. म्हणून अनेकींना विवाह, मातृत्व आणि परतफेड यांची सांगड घालताना ओढाताण सोसावी लागते. स्थळ पाहताना ‘कर्ज कोण फेडणार?’ हा प्रश्न वराकडून येतो, तेव्हा हुंड्यालाच नवे नाव मिळालेले असते.

सर्वांत गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील ऑगस्ट २०२४ च्या घटनेनंतर भारतीय वैद्यकीय संघटनेने केलेल्या पाहणीत एक तृतीयांशाहून अधिक डॉक्टरांनी रात्रपाळीत असुरक्षित वाटते, असे सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटण येथे कार्यरत असलेल्या, मूळच्या मराठवाड्यातील एका तरुण महिला वैद्यकीय अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. तिने पूर्वीच वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली होती, असे पुढे आले. त्या प्रकरणातील आरोपांचा निवाडा न्यायालय करील. आमचा मुद्दा वेगळा आहे. तक्रार करणाऱ्या स्त्रीला नोकरी जाण्याची भीती असते. आणि जिच्या हप्त्यावर बापाची जमीन अवलंबून आहे, तिला ती दुप्पट असते. कर्जाने केवळ जमीनच नव्हे, तर बोलण्याचे स्वातंत्र्यही गहाण पडते. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म इथेच आहे.

यावर वेगळा मार्ग दाखविणारी परंपरा आपल्या देशात आहे. डॉ. आयडा स्कडर यांनी १९१८ साली वेल्लोर येथे स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. आज तेथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय शुल्क अल्प ठेवते आणि पुरस्कृत विद्यार्थ्यांकडून त्याच्या मोबदल्यात मिशन रुग्णालयांतील सेवा घेते. पैशाचे ऋण असे सेवेने फिटते आणि गावाला डॉक्टर मिळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात सेवा देणाऱ्या तरुणींचे शैक्षणिक कर्ज शासनाने वर्षागणिक फेडावे, त्यांना सुरक्षित निवास आणि रात्री पहारा द्यावा, ही मागणी म्हणूनच रास्त ठरते.

धर्मग्रामांनाही काही करता येईल. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी जाणकाराने पालकांना अटी समजावून सांगाव्यात. डॉक्टर झालेल्या मुलीचा सत्कार आपण आवर्जून करतो. तो करावाच; पण वर्षभराने तिला ‘हप्ता किती?’ एवढेच न विचारता ‘रात्रपाळीला तुझ्याबरोबर कोण असते?’ असेही विचारावे. तिने त्रासाची गोष्ट सांगितली, तर ‘कर्ज फिटेपर्यंत सोस’ असे सांगणारे घर तिच्या वाट्याला येऊ नये.