चाळीसाव्यानंतर काय?

आपल्याकडे कुणी गेलं की पुढची कामं ठरलेली असतात. गुस्ल, कफन, जनाजा, दफन. तीन दिवस शेजारपाजारहून येणारं जेवण. मग ज्यांच्याकडे पद्धत आहे त्यांच्याकडे जियारत, दहावं, विसावं आणि चाळीसावा. हे करावं की नाही, यावर मसलकांचे वाद आहेत. त्यात मला पडायचं नाही. माझा प्रश्न साधा आहे. या सगळ्यात गेलेल्या माणसाबद्दल आपण बोलतो किती? देगा किती चढल्या, कोण आलं, कोण आलं नाही, हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. माणूस मात्र ‘मरहूम’ या एका शब्दात संपतो. बाई असेल तर त्याहूनही लवकर.

माझ्या नानीचंच बघा. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी, कारण खरी कुणालाच ठाऊक नव्हती. कब्रस्तानच्या वहीतली नोंद भावानं दाखवली, तर तिथं आधी नानांचं नाव आणि पुढे ‘यांची पत्नी’. या दोन कागदांच्या मधे एक अख्खं आयुष्य होतं, ते कुठंच लिहिलेलं नाही.

ते आयुष्य सोलापुरात विड्या वळण्यात गेलं. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, सुतानं बांधायची. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. कारखान्यात छाटून बाजूला टाकलेल्या विड्यांचा पैसा नाही. नानांची गिरणी बंद पडल्यावर याच सुपावर घर चाललं आणि माझी अम्मी मॅट्रिकपर्यंत पोहोचली. नानीला अक्षर येत नव्हतं. पण घरात दखनी, बाजारात मराठी आणि सोबत विड्या वळणाऱ्या पद्मशाली बायकांशी तेलुगू, असं तिचं सहज चाले. बी.एड.ला मी बहुभाषिकतेवर टिपणं काढली; त्याचं चालतंबोलतं उदाहरण आमच्या ओसरीवर सूप घेऊन बसलेलं होतं. मला उर्दू पुस्तक वाचताना ऐकून ती म्हणायची, “पढ, पन समजके पढ.” वर्गात शिकवण्याबद्दल याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

काहीजण म्हणतील, गेलेल्यासाठी दुआ करावी, गुणगान कशाला? पण दुआ आणि आठवण यांचं भांडण कधी होतं? हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनानंतरही पैगंबर मुहम्मद (स.) त्यांच्याबद्दल भरभरून बोलत. घरी बकरं कापलं की त्यातला वाटा आवर्जून खदीजांच्या मैत्रिणींकडे पाठवत. हे आपल्याला सांगतात त्या हजरत आयेशा (रजि.), आणि त्याचा हेवा वाटायचा हेही त्या मोकळेपणानं सांगतात. नवव्या शतकातल्या इब्न साद यांच्या ‘तबकात’मध्ये तर स्त्रियांच्या चरित्रांचा स्वतंत्र भाग आहे. माणसांची चरित्रं जपणं ही आपलीच परंपरा. मग आपल्या घरातल्या बाया नोंदीत ‘पत्नी’ म्हणूनच का उरतात?

आणि वाटा पाठवण्याच्या त्या गोष्टीतून आणखी एक कळतं. आठवण म्हणजे नुसते उसासे नव्हेत, जबाबदारीही आहे. गेलेल्या माणसाचं कर्ज आधी फेडायचं, न दिलेला मेहर हेही कर्जच. वसियत असेल तर ती पाळायची आणि मग वारसांचे हिस्से, त्यात मुलींचाही. कुरआननं हे स्पष्ट सांगितलंय. तरीही अब्बांच्या चाळीसाव्याला हात सैल सोडणारे भाऊ, बहिणीच्या हिश्शाचा विषय निघाला की हक्कसोडपत्र पुढे करतात. ज्या बापाच्या नावानं जेवणं घातली, त्याच्याच मुलीचा हक्क ठेवून घेतला, तर ती कसली आठवण?

म्हणून माझं सांगणं एवढंच. फातिहा होत असेल तिथं फातिहानंतर, नसेल तिथं घरच्यांनी असंच बसून, अर्धा तास त्या माणसाबद्दल बोला. तो काय काम करायचा, कशावर हसायचा, कुणासाठी झिजला. बायकांनाही बोलू द्या. पुष्कळदा त्यांनाच जास्त ठाऊक असतं. घरातल्या शाळकरी पोराला वही द्या, उर्दूत लिहो नाहीतर मराठीत. आणि जे हयात आहेत त्यांना आजच विचारा: तुमचं बालपण कुठं गेलं, पहिली कमाई किती होती, तुमच्या आईचं नाव काय? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर किती घरांत चटकन मिळतं, ते एकदा बघाच.