उचलीची बेडी

वाचकहो, मीरा-भाईंदरमध्ये घर बदलताना आपण पॅकर्स-मूव्हर्सना बोलावतो. हमाल कपाट पाठीवर घेऊन जिना उतरतात. आपण कंपनीशी भावाची घासाघीस करतो. परंतु हमालाच्या हाती काय पडते, हे विचारीत नाही.

ही माणसे मुकादमाने गावाहून उचल देऊन आणलेली असू शकतात. उचल देणे हा गुन्हा नव्हे. पण ती फिटेपर्यंत काम सोडू न देणे ही वेठबिगारी होय.

वेठ म्हणजे काय, हे आपल्या समाजास कोणी शिकवावयास नको. महार वतनातील वेठ मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल मांडले. पुढे घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारी निषिद्ध झाली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगाराच्या डोक्यावरील असले कर्जच रद्द केले. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हीही सक्तीची मजुरीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला. खाडीपलीकडे वसई तालुक्यात विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने आदिवासी वेठबिगारांना मुक्त केले, ते कायद्याचा आधार घेऊनच.

तेव्हा "माणसे मुकादमाची" असे म्हणून कंपनीने हात झटकू नयेत. तिने उचलीचा हिशेब तपासावा, मजुरी थेट हमालास द्यावी, त्याचे आधार कार्ड कोणास अडकवू देऊ नये. आणि आपण? अडकलेला हमाल आढळल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. वेठीतून सुटलेल्यांनी दुसऱ्याच्या वेठीकडे डोळेझाक करणे शोभत नाही.