धावपट्टीवरचे अंतर आणि ‘मानवी चूक’ नावाची पळवाट

८ जून २०२४ ची मुंबई विमानतळावरची ती चित्रफीत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान टेकते आहे आणि त्याच पट्टीवर, त्याच्या नाकासमोर, तिरुवनंतपुरमला निघालेले एअर इंडियाचे विमान जेमतेम जमीन सोडते आहे. कुणाला खरचटलेही नाही. हवाई वाहतूक नियंत्रकाला कामावरून बाजूला केले गेले, चौकशी जाहीर झाली आणि समाजमाध्यमांनी चौकशीची वाट न पाहता निकाल देऊन टाकला: माणसाची चूक.

इतिहासाची गोडी असणाऱ्यांनी हा निकाल मान्य करू नये, एवढ्याचसाठी हा धागा. ‘विश्वासरावांना गोळी लागली म्हणून पानिपत हरले’ असे कुणी लिहिले की आपण तुटून पडतो. रसद कुठे तुटली, मित्र का मिळाले नाहीत, सोबत बुणगे किती होते, असे दहा प्रश्न विचारतो. मग धावपट्टीचा विषय निघाला की आपली चिकित्सा शेवटच्या दहा सेकंदांत माइकवर बोलणाऱ्या माणसापाशीच का थांबते?

आधी नियम. आंतरराष्ट्रीय पद्धत सांगते की पुढचे निघणारे विमान धावपट्टीचे दुसरे टोक ओलांडेपर्यंत किंवा वळण घेईपर्यंत मागून उतरणाऱ्या विमानाने पट्टीचा उंबरठा ओलांडू नये. याला सवलत आहे. लख्ख दिवस, स्वच्छ दृश्यमानता, पाठीमागून फारसा वारा नाही, अशा अटींवर हे अंतर कमी करता येते. मोठ्या विमानांसाठी ते २४०० मीटर, आणि पुढच्याने जमीन सोडलेली असली पाहिजे. ऐकायला २४०० मीटर पुष्कळ वाटतात. उतरणारे जेट विमान ते साधारण ३३ सेकंदांत कापते.

आता लॉस एंजेलिसला चला. १ फेब्रुवारी १९९१, संध्याकाळचे सहा वाजून गेलेले, अंधार. स्कायवेस्टचे छोटे मेट्रोलायनर विमान २४ एल या धावपट्टीच्या मधल्याच एका जोडमार्गावरून पट्टीवर आले. नियंत्रकाने त्याला तिथेच उभे राहून उड्डाणाच्या परवानगीची वाट पाहायला सांगितले होते. ते सुमारे दोन मिनिटे उभे राहिले. दरम्यान दुसऱ्याच एका विमानाशी संपर्क तुटला आणि त्याला शोधण्यात नियंत्रकाचे लक्ष गुंतले. तशाच बनावटीच्या तिसऱ्या विमानाची कागदी चिठ्ठी तिच्या टेबलापर्यंत पोहोचलेलीच नव्हती, त्यामुळे कोण कुठे उभा आहे याची सरमिसळ झाली. जमिनीवरची हालचाल दाखवणारे रडार त्या संध्याकाळी बंद होते. त्या जोडमार्गाच्या दिशेने टर्मिनलच्या दिव्यांची तिरीप मनोऱ्यातल्या डोळ्यांवर येत होती. अशात यूएसएअरच्या बोइंग ७३७ ला त्याच पट्टीवर उतरण्याची परवानगी मिळाली. मेट्रोलायनरचे दिवे पट्टीच्या दिव्यांत मिसळून गेले होते. बोइंगच्या वैमानिकांना पुढचे विमान दिसले तेव्हा चाके जमिनीला लागली होती. दोन्ही विमानांत मिळून ३५ जण गेले.

परवानगी देणारा आवाज एकाच स्त्रीचा होता, हे खरे. तिच्यावर खापर फोडून फाइल बंद करणे किती सोपे होते! अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तसे केले नाही. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी अशी कार्यपद्धतीच तिथल्या व्यवस्थापनाने उभी केलेली नव्हती आणि वरच्या संघीय यंत्रणेने त्यावर देखरेख ठेवली नव्हती, असे मंडळाने संभाव्य कारण म्हणून नोंदवले. लॉस एंजेलिसला चार धावपट्ट्या आहेत आणि तोवर चारही पट्ट्यांवर उतरणे आणि उडणे सरमिसळ चाले. अपघातानंतर त्यांची वाटणी झाली: काही उतरण्यासाठी, काही उडण्यासाठी. निकाल माणसावर लागला असता तर ही वाटणी सुचली असती का?

मुंबईला ही सोय नाही. तिच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. गर्दीच्या तासांत या एका पट्टीवरून ताशी ४६ विमानांची ये-जा होत असे. भागाकार करा: दर ७८ सेकंदांना एक. त्यात उतरलेल्याने पट्टी सोडायची, निघणाऱ्याने आत येऊन धावायचे, उडायचे आणि मागच्याने येऊन टेकायचे. वैमानिकाने एखादी सूचना पुन्हा विचारली की दहा सेकंद गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हा आकडा ४४ वर आणला गेला. विमानतळ चालवणाऱ्यांनी वेळेची पुरेशी मोकळीक न ठेवता जादा स्लॉट वाटले, कंपन्या वेळा पाळत नाहीत, अशी कारणे सरकारनेच तेव्हा दिली होती. ७८ चे ८२ सेकंद झाले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत ती चित्रफीत आली. जूनची घटना या आकड्यामुळेच घडली असे मी म्हणत नाही. वेळापत्रक आखणाऱ्याला प्रश्नच विचारला जात नाही, ही माझी तक्रार आहे.

राहिला गो-अराउंड, म्हणजे उतरण्याचा विचार सोडून पुन्हा वर चढणे आणि फेरी मारून परत येणे. आपल्या वृत्तवाहिन्यांना यात ‘थोडक्यात अनर्थ टळला’ याखेरीज काही दिसत नाही, आणि प्रवासी उतरून वैमानिकाला नावे ठेवतात. वस्तुतः पट्टीवरचे अंतर आकसले की हाती उरणारी ही शेवटची मोकळी जागा आहे.

४ फेब्रुवारी २०२३ रोजी टेक्सासमधल्या ऑस्टिनला पहाटेच्या दाट धुक्यात मनोऱ्यातून पट्टी दिसत नव्हती. फेडेक्सचे मालवाहू बोइंग ७६७ उतरायला येत असताना, ते पोहोचण्याआधी साउथवेस्टचे विमान निघून जाईल अशा अंदाजावर नियंत्रकाने त्याला उड्डाणाची परवानगी दिली. तिथे जमिनीवरचे रडार नव्हतेच. फेडेक्सच्या वैमानिकांनी आपली परवानगी पुन्हा विचारून खात्री केली, तरी मनातली शंका सोडली नाही. धुक्यात पुढच्या विमानाची आकृती दिसताच ते वर चढले. दोन विमानांत दोनशे फुटांहूनही कमी अंतर उरले आणि १३१ माणसे वाचली.

पण या पराक्रमावरही विसंबता येत नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाचे विमान पट्टीवर सुमारे ४० सेकंद उभे होते. भूकंपग्रस्त नोटोसाठी ते मदत घेऊन निघाले होते. उतरणाऱ्या जपान एअरलाइन्सच्या वैमानिकांना ते अंधारात दिसलेच नाही. मनोऱ्यातल्या पडद्यावर इशारा उमटत होता, तो कुणाच्या नजरेस आला नाही. प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण बाहेर पडले, तटरक्षक दलाचे सहापैकी पाच जण गेले. दिसलेच नाही तर गो-अराउंड करणार कोण?

‘मग नियंत्रक निर्दोष का?’ असे कुणी विचारील. चूक असेल तर ती नोंदवावी, प्रशिक्षण द्यावे. पण त्याला खुर्चीवरून उठवल्यावर दुसऱ्या दिवशी तीच खुर्ची, तीच एकमेव पट्टी आणि तेच ८२ सेकंद दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला येतात. पुढच्या वेळी अशी चित्रफीत आली, तर ‘कुणी परवानगी दिली’ याच्या आधी ‘त्या तासात किती विमाने ठरलेली होती आणि ती कुणी ठरवली’ हे विचारा.