विश्लेषण : गावात माफिया नसेल, तर गाव कोणाला बाहेर काढते?

चार चिठ्ठ्या, चार मुले आणि गुण लिहायला वहीचे मागचे पान. राजाला हजार, प्रधानाला आठशे, शिपायाला पाचशे आणि चोराला शून्य. गुणांचा हिशेब घरोघरी थोडा वेगळा, पण चोराला भोपळा सगळीकडे सारखाच. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळच्या सोप्यात हा डाव न खेळलेला माणूस सातारा-सांगलीत शोधून सापडणे कठीण. आता तीच पिढी मोठी झाली आहे. तिची मुले वसतिगृहाच्या खोलीत किंवा सहलीच्या बसमध्ये ‘माफिया’ खेळतात, फोनवर ‘अमंग अस’मध्ये इम्पोस्टर शोधतात आणि जून २०२५ मध्ये आलेल्या, करण जोहरने सादर केलेल्या ‘द ट्रेटर्स’ या मालिकेवर वाद घालतात. खेळ बदलले, पण प्रश्न एकच राहिला आहे : आपल्यातला चोर कोण?

पण या प्रश्नाचे चुकीचे उत्तर सांगली जिल्ह्यात एकदा थेट रस्त्यावर दिले गेले आहे. म्हणून हा विषय विरंगुळ्याच्या पानावर सोडून देता येत नाही.

हे खेळ नेमके कसे चालतात?

‘माफिया’चा जन्म मॉस्को विद्यापीठात १९८६ च्या सुमारास झाला. दिमित्री डेव्हिडॉफ हा मानसशास्त्राचा विद्यार्थी त्याचा कर्ता. पुढे १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन या अमेरिकी माणसाने माफियाच्या जागी गावकऱ्यांत लपलेला नरलांडगा आणला आणि हा खेळ जगभर पसरला. साहित्य म्हणाल तर फक्त चिठ्ठ्या. एक निवेदक असतो. दोन-तीन जणांना ‘माफिया’ची चिठ्ठी मिळते, बाकीचे नागरिक. ‘रात्र झाली’ असे निवेदक म्हणाला की सगळे डोळे मिटतात. फक्त माफिया डोळे उघडतात, एकमेकांना ओळखतात आणि खुणेनेच एकाचा काटा काढतात. ‘दिवस’ उजाडला की सगळे मिळून चर्चा करतात, आरोप करतात आणि बहुमताने एकाला बाहेर काढतात. मग त्याची चिठ्ठी उघडते. सगळे माफिया बाहेर गेले तर नागरिक जिंकले. माफियांची संख्या नागरिकांएवढी झाली तर माफिया जिंकले.

चोर-शिपाईपेक्षा यात एक मोठा फरक आहे. चोर-शिपाईत राजा उघड असतो आणि शोधणाराही उघड असतो. उरतात दोघे. म्हणजे डोळे झाकून बोट दाखवले तरी निम्म्या वेळा बरोबर येते, आणि चोर एकटा असल्यामुळे त्याला साथ द्यायला कोणी नसते. माफियात लपलेल्यांची टोळी असते. ते एकमेकांना ओळखतात, बाकीचे कोणीच कोणाला ओळखत नाही. थोड्यांकडे पूर्ण माहिती आणि पुष्कळांकडे काहीच नाही, एवढ्यावरच सगळा डाव उभा आहे.

याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा नऊ खेळाडू आहेत, त्यात एकच माफिया आहे आणि नागरिक रोज अंदाजपंचे कोणाला तरी बाहेर काढतात. तरीही नागरिक शंभरातले सुमारे ५९ डाव जिंकतात. आता नवांत दोन माफिया ठेवा. नागरिक अजून सात आहेत, म्हणजे साडेतीन पट. पण त्यांचे जिंकण्याचे प्रमाण धाडकन सुमारे ३० वर येते. ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल या तीन अभ्यासकांनी २००८ मध्ये हाच प्रश्न मोठ्या संख्येसाठी सोडवला. त्यांच्या गणितानुसार डाव बरोबरीचा व्हायला माफियांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असली तरी पुरते. म्हणजे गट शंभरपट मोठा केला, तर लपणारे दहापट वाढवले की झाले. जमाव जितका मोठा, तितके त्याला फिरवायला प्रमाणाने कमी लोक लागतात.

चेहरा पाहून खोटे ओळखता येत नाही का?

या खेळात मुरलेले लोक छातीठोकपणे सांगतात, ‘मला डोळ्यांत बघितले की कळते.’ नाही कळत. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये खोटे ओळखण्यावरचे शेकडो प्रयोग एकत्र तपासले. चोवीस हजारांहून अधिक लोकांच्या अंदाजांची सरासरी निघाली ५४ टक्के. नाणे उडवले असते तर ५० आले असते.

मग डावात आपण कोणाला पकडतो? जो अडखळतो त्याला. जो गप्प बसतो त्याला. गटात नवा आलेल्याला, ज्याचे बोलणे वेगळ्या वळणाचे आहे त्याला. ‘तू आज शांत का आहेस?’ हा प्रत्येक डावातला पहिला आरोप, आणि त्यामागे पुरावा म्हणून काहीच नसते. सराईत माफिया याचाच फायदा घेतो. तो स्वतः फारसा आरोप करत नाही. कोणीतरी घाबरट नागरिकाकडे बोट दाखवण्याची वाट बघतो आणि मग दुसरा हात वर करतो. पहिले बोट दाखवणारा सगळ्यांच्या लक्षात राहतो. दुसरा हात कोणाचा होता, हे डाव संपल्यावर विचारले तर बहुतेकांना आठवत नाही.

जत तालुक्यात काय घडले होते?

१३ सप्टेंबर २०२२. जत तालुक्यातले लवंगा गाव, कर्नाटकच्या सीमेजवळचे. उत्तर प्रदेशातून आलेले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते आणि रात्री एका देवळात थांबले होते. सकाळी निघताना त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा तेव्हा फोनवरून फिरत होत्या. कोणाला तरी संशय आला, वाद झाला, आणि चौघांना काठ्यांनी, पट्ट्यांनी मारहाण झाली. पोलिसांनी त्यांना सोडवून कागदपत्रे तपासली. ते खरोखरच साधू होते. मारहाणीचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला आणि पोलिसांनी काही जणांना अटक केली.

त्या सकाळी कोणत्याही गावकऱ्याने डोक्यात ‘आज निरपराध माणसाला मारू’ असे ठरवले नसणार. प्रत्येक जण आपल्या मनाशी नागरिकच होता, गावाची मुले वाचवत होता. डावात होते तेच झाले : वेगळी भाषा, अनोळखी वेश, एक बोट, मग दुसरा हात. फरक दोनच. पहिला म्हणजे लवंग्याच्या डावात माफिया नव्हताच. दुसरा म्हणजे खेळात माणूस आधी बाहेर जातो आणि मग चिठ्ठी उघडते, त्यात कोणाचे काही जात नाही. इथेही क्रम तोच राहिला, आधी काठी आणि मग ओळखपत्र.

चौघे जिवंत राहिले, हे त्यांचे नशीब. लवंग्याच्या चार वर्षे आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात असे नशीब कोणाचे नव्हते. आठवडी बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. त्यांच्यातले बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे जतला लागून असलेल्या तालुक्यातले. तिथल्या दुष्काळी पट्ट्यातून भिक्षा मागत हिंडणे ही त्यांची पिढ्यान्पिढ्यांची रीत.

इथे बहुरूप्याची आठवण येते. खाकी कपडे घालून दारात उभे राहायचे, ‘तुमच्यावर वॉरंट आहे’ म्हणून घरधन्याला घाम फोडायचा आणि सगळे हसले की सुपात पसाभर धान्य घ्यायचे. लपलेल्या भूमिकेवर पोट भरणारा हा माणूस आपल्याकडे शतकानुशतके दारोदार फिरला. फसवणूक आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते, म्हणूनच ती करमणूक होती. राईनपाड्यानंतर अशा भटक्या समाजांना ओळखपत्रे द्यावीत, अशी मागणी पुढे आली. ज्याची कला सोंग लपवण्यात आहे, त्याने आता आधी आधारकार्ड दाखवायचे आणि मग सोंग आणायचे.

पण हाच मुलूख गुपित राखायलाही प्रसिद्ध नव्हता का?

होता, आणि ही बाजू सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात समांतर कारभार उभा केला. आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० मध्ये. नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले आणि इंग्रज पोलिसांच्या हाती लागले नाहीत. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे अनेक कार्यकर्ते वेश बदलून, वस्ती बदलून गावोगाव वावरले. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी लुटली गेली, तरी माणसे गावातच राहून लपली.

खेळाच्या भाषेत हा उलटा माफिया होता. इथे माहिती पुष्कळांकडे होती आणि अंधारात होते ते सरकार. कोण कोठे जेवला, कोणत्या मळ्यात झोपला, हे गावाला ठाऊक असायचे. धोका होता तो खबऱ्यांचा, आणि त्यांना मिळणारी शिक्षा कठोर असायची. ‘पत्री सरकार’ हे नावच तळपायांवरच्या त्या शिक्षेशी जोडले जाते. या शिक्षांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्याच चळवळीने गावांत न्यायदान मंडळे उभी केली आणि तंटे लोकांसमोर, दोन्ही बाजू ऐकून सोडवले, हेही तितकेच खरे. संशय सर्वांत जास्त असण्याच्या काळात ऐकून घेण्याची व्यवस्था उभी राहिली, आणि हातात फोन, नकाशा, एका हाकेवर पोलीस असलेल्या काळात ती चार साधूंच्या वाट्याला आली नाही. हे आमच्या मते या विषयातले सर्वांत बोचणारे सत्य आहे.

मग मुलांनी हे खेळ खेळावेत की नाही?

जरूर खेळावेत. ‘मुले खोटे बोलायला शिकतात’ हा आक्षेप फार ताणू नये. डावात खोटे बोलायला सगळ्यांची आधीच संमती असते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा बंदीचा कायदा आला आहे, पण चिठ्ठ्यांच्या डावाला त्याचा काही संबंध नाही. आक्षेप घ्यायचाच तर तो आपण डाव अर्धवट खेळतो, यावर घ्यावा. माफिया सापडला की टाळ्या आणि लगेच पुढचा डाव. पहिल्या फेरीत ज्याला उगाच बाहेर काढले, त्या नागरिकाला कोणी विचारत नाही की तुझे काय चुकले होते.

शाळेत किंवा शिबिरात शिक्षकांनी एक फेरी वेगळी खेळून पाहावी. कोणालाही न सांगता सगळ्याच चिठ्ठ्यांवर ‘नागरिक’ लिहायचे. रात्री निवेदकाने स्वतःच एक नाव ठरवायचे आणि सकाळी जाहीर करायचे. मग फक्त बघत राहायचे : पहिले बोट कोणाकडे जाते, कोणत्या कारणाने, दुसरा हात कोणाचा वर येतो, आणि एकामागून एक नागरिक बाहेर पडत असताना ‘मुळात माफिया आहे का?’ हा प्रश्न कोणी विचारतो का. तीन जण बाहेर गेले की डाव थांबवावा आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडाव्यात. त्यानंतर निवेदकाने काही बोलू नये. बाहेर बसलेल्या त्या तिघांना आधी बोलू द्यावे.