पदवी हाती आली, ग्रंथालय मिटले

पाच-सात वर्षे खपून एखादी विदुषी पीएच.डी. होते, आणि मूल लहान आहे म्हणून अथवा सासूसासरे थकले आहेत म्हणून काही काळ घरीच राहण्याचे ठरविते, की आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून एकच उद्गार निघतो : 'एवढे शिकून सारे फुकट!' हा उद्गार आम्हांस अडाणीपणाचा वाटतो, त्याहून अधिक ढोंगीपणाचा वाटतो. जी मंडळी तो काढतात त्यांनीच बहुधा तिला घरी राहण्यावाचून गत्यंतर ठेवलेले नसते. उलटपक्षी 'गृहिणीपद हेच खरे विद्यापीठ' असे म्हणून तिला हारतुरे घालणारा दुसरा एक पक्ष आहे. त्याचा तर आम्हांस अधिकच तिटकारा आहे. कारण हार घालून झाल्यावर हेच गृहस्थ चहा मागतात.

विद्या फुकट जाते ती घरी राहिल्याने, हेच मुळी आम्हांस मान्य नाही. दुर्गाबाई भागवतांनी जवळजवळ सारी हयात विद्यापीठाच्या नोकरीवाचून घालविली, पीएच.डी.चे कामही आजारपणामुळे त्यांस सोडावे लागले. तथापि लोकसाहित्याचा त्यांचा व्यासंग फुकट गेला असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? त्यांजपाशी खुर्ची नव्हती, परंतु मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय होते, आणि तेथे जाऊन बसण्याचा निश्चय होता. निश्चय आजच्या मुलींपाशीही आहे. ग्रंथालय मात्र त्यांच्यापासून काढून घेण्यात आले आहे, आणि ते इतक्या निमूटपणे की त्याची कोठे वाच्यताही झाली नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी स्त्री-संशोधकांस पीएच.डी. पुरी करण्यास दोन वर्षे अधिक, म्हणजे सारे मिळून दहा वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. बाळंतपण व बालसंगोपन यांसाठी २४० दिवसांची रजाही आहे. या नियमांबद्दल आम्ही आयोगाचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु ही सारी कणव पदवी मिळेपर्यंतची. पदवी हाती पडली आणि विद्यापीठाचा संबंध सुटला, की ज्या नियतकालिकांवर तिने प्रबंध उभा केला त्यांची दारे तिला बंद होतात. कारण शास्त्रीय नियतकालिके आज संगणकावर वाचावयाची आणि त्यांची वर्गणी संस्थेने भरावयाची, अशी रीत आहे. गंमत अशी की, तिचा स्वतःचा प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात साऱ्या जगास फुकट वाचावयास मिळतो. म्हणजे तिने दिलेले जगाने घ्यावे, आणि तिला काही लागल्यास एकेका लेखाला हजारो रुपये मोजावे!

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके! आकडे वाचून ऊर भरून यावा. परंतु लाभ सरकारी उच्चशिक्षणसंस्था व संशोधनसंस्था यांस. नाशकातल्या किंवा साताऱ्यातल्या घरी मूल निजवून रात्री वाचावयास बसणाऱ्या डॉक्टरेटबाई कोणत्याच संस्थेत मोडत नाहीत. योजनेच्या नावात राष्ट्र आहे; त्या राष्ट्रात घरे असतात याचा विसर पडलेला दिसतो.

यावर 'घरी बसून नियतकालिके कोण वाचणार?' असे विचारणारे विद्वान निघतीलच. आम्ही त्यांस उलट विचारतो : दार बंद करून मग 'आत कोणी येत नाही' म्हणणे हा कोणता न्याय? चार-पाच वर्षांनी हीच बाई अर्ज घेऊन आली, की मुलाखतीत तुम्हीच विचारणार, 'मधल्या काळात काय वाचलेत?'

आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या पीएच.डी.धारकांस, ते नोकरीत असोत वा घरी, पदवीनंतर निदान दहा वर्षे ग्रंथालयाचे सभासद ठेवावे, आणि प्रकाशकांशी करार करतानाच ही अट घालावी. घरच्या मंडळींकडेही आमचे मागणे आहेच. तिला रोज दोन तास आणि एक टेबल द्यावे. त्या दोन तासांत पाहुणे आले तर चहा घरातल्या पुरुषाने करावा. साखर कोणत्या डब्यात असते, हे विचारण्यासाठी तिला उठवू नये.