कार्टूनच तर आहे!

"अगं, कार्टूनच तर आहे, बसव तिला समोर!"

हे वाक्य या सुट्टीत आमच्या घरात निदान दहा वेळा ऐकलं. दर वेळी बोलणारं तोंड वेगळं. विषय धाकट्या पुतणीचा, वय वर्षे पाच. वादावादीत माझा आवाज चढला आणि सांगायचं ते राहूनच गेलं, म्हणून इथे लिहितोय. (मावशी, तुम्हीही हे वाचणार हे ठाऊक आहे. रागवायचंच असेल तर पूर्ण वाचून रागवा.)

माझं म्हणणं असं, की चित्रपट ॲनिमेशनचा आहे एवढ्यावरून तो लहान मुलाला दाखवावा की नाही हे अजिबात ठरत नाही. त्याच्या प्रमाणपत्रावरच्या अक्षरावरूनही निम्मंच ठरतं. आपलं पोर कशाला घाबरतं हे घराबाहेर कोणाला माहीत असणार?

मला हे माझ्याच चुकीतून कळलं. डिसेंबर 2020 मध्ये आमच्या करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्या फिरत होता. काही दिवसांतच तालुक्यातले तीन जीव गेले. 18 डिसेंबरला बिटरगावात त्याला गोळी घालून मारलं, तोवर रात्री दारं धरायला कोणी धजेना. पोरांना अंगणातसुद्धा सोडायचं नाही. थोरला पुतण्या तेव्हा चार वर्षांचा. दिवसभर कोंडलेलं पोर किरकिर करणार नाही तर काय! एका संध्याकाळी मी त्याला 'द जंगल बुक' लावून दिला, 2016 चा, हिंदीतला. एक मोगली सोडला तर जवळजवळ सगळं संगणकावर केलेलं. 1993 मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी जपानी मालिका बघत आम्ही वाढलो. शेरखानला तेव्हाही नाना पाटेकरांचा आवाज, याही वेळी त्यांचाच. म्हटलं, तेच तर आहे.

तेच नव्हतं. मालिकेतला शेरखान चितारलेला होता, हा केसन् केस खरा. आणि मोगली बगीराबरोबर उंच गवतातून निघालेला असताना हा त्या गवतातूनच झेप घेतो. पोरगं ओरडलं नाही. त्यानं टीव्हीकडे पाठ केली आणि खिडकीबाहेर बोट दाखवून विचारलं, "काका, आपल्या उसात पण असाच बसलाय ना?"

पुढे बिबट्या मारला गेला. गावानं सुटकेचा श्वास सोडला. पण आमचं पोर पार उन्हाळ्यापर्यंत त्या खिडकीखाली झोपलं नाही.

याच चित्रपटाला 2016 मध्ये सेन्सॉर बोर्डानं यूए दिला होता. थ्रीडीमधले प्राणी अंगावर येतात, मुलं घाबरतील, असं तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांचं म्हणणं. मोगलीला यूए म्हणून देशभर हसू झालं. हसणाऱ्यांत मी पुढे! आज वाटतं, त्यांची शंका खोटी नव्हती. पण त्या दोन अक्षरांतून पालकाला कळतं काय? 2024 पासून यूएचे 7+, 13+ आणि 16+ असे भाग झाले. बरं झालं. तरी तो पालकांना दिलेला सल्लाच, दारावर तिकीट बघणारा कोणाला अडवणार नाही. आणि शहरातल्या फ्लॅटमधलं सात वर्षांचं पोर आणि त्या डिसेंबरात आमच्या वस्तीवर राहिलेलं सात वर्षांचं पोर, दोघांना आकडा एकच.

आता मावशींचा मुद्दा. "हल्लीची पोरं नाजूक. आम्ही नाही का वाघाच्या गोष्टी ऐकल्या?" ऐकल्या की! भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीला वाघ खायलाच टपलेला असतो. पण आजी गोष्ट सांगताना आपल्या तोंडाकडे बघत असायची. आपला ओठ थरथरला की वाघ लगेच मवाळ व्हायचा आणि म्हातारी घरी पोचायची. टॉकीजमधल्या काळोखात, चहूबाजूंनी आवाज अंगावर येत असताना वाघ मवाळ होत नाही. तो काही तुमच्या पोराकडे बघत नसतो.

"मारामारी किती आहे?" हा प्रश्न मी आता विचारत नाही. कोण मरतं, ते बघतो. 'फाइंडिंग निमो' (2003) म्हणजे रंगीत मासे, किती गोड! त्यात पहिल्या काही मिनिटांत निमोची आई जाते. 'द लायन किंग'मध्ये मुलाच्या डोळ्यांदेखत बाप. ज्या घरात नुकतंच कोणी गेलंय तिथे हे भलत्याच जागी लागू शकतं. दाखवूच नका असं मी म्हणत नाही. आधी एकट्यानं बघा, मग घरी, दिवसाउजेडी, आवाज कमी करून, शेजारी बसून दाखवा. वेळ नाही म्हणता? नात्यातल्या लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ बघायला तर असतो..

असो. पुतणीला या सुट्टीत तो चित्रपट दाखवला नाही. यावरून वहिनी अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात.

थोरला आता मोठा झालाय. मागच्या महिन्यात त्यानं 'जंगल बुक' स्वतःहून लावला. मी मुद्दाम काही बोललो नाही, बाजूला पेपर वाचत बसलो. उंच गवत आलं तसा त्यानं रिमोट उचलला आणि आवाज कमी केला. बंद मात्र केला नाही.