समिती बसली, पण ऐकलं कोणाचं?



दिल्लीत कायदा होण्याआधी काही विधेयके खासदारांच्या समितीकडे जातात. समितीनं लोकांची निवेदनं घ्यायची, अधिकाऱ्यांना जाब विचारायचा, चुकीचं कलम बदलायला सांगायचं. त्यावर आपली जमीन टिकते, नाहीतर जाते.

दोन समित्या पाहा. वनहक्काचे विधेयक डिसेंबर २००५ मध्ये आले, तेव्हा १९८० नंतरचा कब्जा त्यात धरला नव्हता. बिगर-आदिवासी वननिवासींचं तर नावच नव्हतं. किशोरचंद्र देव यांच्या संयुक्त समितीनं सांगितलं, मुदत १३ डिसेंबर २००५ करा, इतर पारंपरिक वननिवासींनाही घ्या. दोन्ही गोष्टी कायद्यात आल्या. त्यांच्याच जोरावर आज आपण दावे लावतो.

दुसरी समिती २०२३ ची. वन संवर्धन कायद्यातली दुरुस्ती २९ मार्चला लोकसभेत आली. पर्यावरण आणि वनांचे विषय पाहणारी स्थायी समिती होतीच, अध्यक्ष विरोधी पक्षाचे जयराम रमेश. तिला बाजूला सारून वेगळी संयुक्त समिती नेमली. हरकती गेल्या, विरोधी सदस्यांनी असहमती लिहून दिली. तरी २० जुलैच्या अहवालात विधेयकाचं एक कलम बदललं नाही. २ ऑगस्टला राज्यसभेतही मंजूर!

यात आपलं काय गेलं? नक्षलग्रस्त भागात केंद्र ठरवील त्या सार्वजनिक कामांना ५ हेक्टरपर्यंत वनजमीन त्या कायद्यातून सुटली. केंद्राच्या २०२१ च्या यादीत गोंदिया जिल्हा होता. इकडे वनहक्क कायद्यात गावाची अंगणवाडी बांधायची तर जमीन १ हेक्टरच्या आत, वर ग्रामसभेची शिफारस पाहिजे. गावाला एवढी अट, अन् त्यांच्या ५ हेक्टरला दिल्लीची परवानगीपण नाही. हा कोणता न्याय?

आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसा नाही. वनहक्क कायदाच काय तो हातात आहे.

काही भाऊ म्हणतात, निवेदन देऊन काय होते? २००६ मध्ये झालं ना! म्हणून मागणी एकच : जंगल-जमिनीचे प्रत्येक विधेयक स्थायी समितीकडेच जावे, अन् तिनं वनजिल्ह्यात येऊन मराठीत, गोंडीत सुनावणी घ्यावी. मत मागायला येईल त्याला हे विचारा. तोवर प्रत्येक ग्रामसभेनं ठराव घेऊन सही-शिक्क्यानिशी पाठवावा. तोंडी गाऱ्हाणं अहवालात येत नाही.